यादीतले नाव

मराठीच्या प्राध्यापिकेला भेटणारा माणूस हवापाण्याचे बोलणे संपले की हटकून विचारतो, "मग, सध्या नवीन काय वाचताय?" २०२४ साली मला कुणी असे विचारले की मी खरे ते सांगत असे, "मतदारयादी." ऐकणाऱ्याला तो विनोद वाटे आणि तो हसून दुसरा विषय काढी. पण त्यात विनोद काही नव्हता. त्या वर्षी मे महिन्यात लोकसभेची आणि नोव्हेंबरात विधानसभेची, अशा दोन निवडणुकांना मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बसले होते, आणि दोन्ही वेळा सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत माझ्यासमोर दुसरे पुस्तकच नव्हते.

निवडणुकीच्या कामाचे आदेश कॉलेजात येऊन थडकले की स्टाफरूममध्ये एक विलक्षण साथ पसरते. ज्यांच्या घरी कुणी मास्तर किंवा प्राध्यापक आहे त्यांना हे सांगायला नको. कुणाची कंबर धरते, कुणाच्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नेमके त्याच आठवड्यात निघते, कुणाला अचानक आठवते की आपल्याला रक्तदाब आहे. "मला हे काम आवडतं," असे मी एकदा बोलून गेले, तेव्हा चहाचे कप जागच्या जागी थांबले. त्यांचेही बरोबर आहे म्हणा! आदल्या दिवशी उन्हात रांग लावून यंत्रे आणि कागदांच्या पिशव्या ताब्यात घ्यायच्या, बसने कुठल्याशा गावी जायचे, शाळेच्या बाकांवर रात्र काढायची, पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास खोटी मते टाकून यंत्र खरे आहे हे दाखवायचे. यात आवडण्यासारखे काय आहे?

मला आवडते ती यादी. घर क्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, बस्स. ना रस, ना अलंकार. पण समोर माणूस येतो, पहिला मतदान अधिकारी त्याचे नाव मोठ्याने पुकारतो आणि चिन्हांकित प्रतीत नावाखाली रेघ ओढतो. बाई असेल तर रेघ ओढून शिवाय बाजूला बरोबरची खूण करतो. दिवसाअखेर किती बायकांनी मत दिले ते या खुणांवरून मोजता येते. आमच्या आजीमुळे मला त्या खुणेचे भारी अप्रूप आहे. पण आजीकडे वळण्यापूर्वी ही यादी मुळात कशी झाली ते सांगायला हवे. आपल्याकडे स्वातंत्र्याची हकीकत सांगताना लोक हे प्रकरण सहसा ओलांडून पुढे जातात.

१९३५ च्या कायद्याने ज्यांच्याकडे जमीन होती, जे कर भरत होते किंवा शिकलेले होते त्यांना मत होते. साऱ्या देशात असे लोक तीन कोटींच्या थोडे वर. बाकीच्यांना कुणी काही विचारत नसे. स्वातंत्र्य मिळाले आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये, म्हणजे निर्वासितांचे तांडे अजून येत असताना आणि घटना अजून लिहून व्हायची असताना, घटना समितीच्या कचेरीने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाची यादी करण्याचे काम काढले. नागरिक कोण हे घटनेने सांगण्याच्या आधीच कारकून दारोदार जाऊन नावे विचारू लागले होते! पुढे मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. आय. सी. एस. मधला हा गृहस्थ लंडन विद्यापीठात गणितात सुवर्णपदक मिळवलेला. त्यांच्या पुढ्यात जे गणित येऊन पडले ते असे : मतदार १७ कोटी ३२ लाख, त्यांतले सुमारे ८५ टक्के निरक्षर, मतदान केंद्रे सव्वादोन लाख, पोलादी पेट्या वीस लाख. नुसत्या याद्या टाइप करून त्या जुळवायला सहा महिन्यांच्या करारावर साडेसोळा हजार कारकून लावावे लागले.

आणि एवढे होऊन गणित अडले ते बायकांच्या नावांपाशी. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत लक्षावधी बायका परक्या पुरुषाला आपले नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशीच नोंद करा म्हणाल्या. कारकुनांनीही तशी केली. सेनसाहेब अडून बसले. मत माणसाचे असते, ते कुणाच्या आईचे किंवा बायकोचे म्हणून नसते, असे त्यांचे म्हणणे. शेवटी २८ लाख बायकांची नावे यादीतून वगळली गेली. मी कितीदा तरी विचार केला आहे, सेनसाहेबांनी केले ते बरोबर की चूक? त्या २८ लाख बायकांचे पहिले मत गेले ते गेलेच. पण त्या दिवशी 'अमक्याची आई' चालवून घेतली असती, तर पुढच्या खेपेलाही तीच चालली असती. माझा कौल सेनसाहेबांना आहे. जिचे मत गेले तिचा कौल वेगळा असू शकतो, हेही मला कळते.

आमच्या वाईला हा प्रश्न थोड्या वेगळ्या तऱ्हेने उभा राहिला. आपल्याकडे बाई स्वतःचे नाव सांगायला लाजत नसे, तिला नवऱ्याचे घेता येत नसे. त्यासाठी तर उखाण्याची सोय! शिवाय लग्नात नाव बदललेले. माहेरचे एक, सासरचे एक, आणि प्रत्यक्षात दोन्हींपैकी एकही कुणी वापरत नाही, कारण सगळे 'सूनबाई' किंवा 'वहिनी' म्हणतात. आजी सांगायची, नाव लिहायला आलेले गृहस्थ चौकात उभे राहिले आणि मामंजींना, म्हणजे माझ्या पणजोबांना, त्यांनी विचारले, "घरात एकवीस वर्षांवरच्या बायका किती?"

"दोन. ही, आणि सूनबाई."

"सूनबाईंचं नाव?"

मामंजी थांबले. घरात येऊन तीन वर्षे झालेल्या सुनेचे, आपणच तांदळात लिहवून ठेवलेले नाव त्यांना आठवेना. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्या नावाची त्यांना कधी गरजच पडली नव्हती, इतकेच. आजी माजघराच्या दाराआड उभी होती. तिने धाकट्या दिराला खुणेने जवळ बोलावले, त्याच्या कानात सांगितले, आणि त्या आठ वर्षांच्या पोराने चौकात जाऊन ते खणखणीत आवाजात पुकारले. "माझं नाव असं कुणी मोठ्यानं घेतलेलं लग्नानंतर मी पहिल्यांदा ऐकलं," असे आजी म्हणायची. ते नाव मी इथे देत नाही. छापील नावाचा मान तिने मतदारयादीला दिला होता, तो तिच्याकडेच राहू दे.

जानेवारी १९५२. मतदान नगरपालिकेच्या शाळेत. बायकांची रांग वेगळी होती, पण त्या रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे कुणी ठरवून दिलेले नव्हते. आजीच्या पुढे वाड्यातली भांडी घासणारी बाई होती. मागे महारवाड्यातल्या दोघी होत्या, नवी लुगडी नेसून आलेल्या. आजी म्हणायची, सुरुवातीला सगळ्याजणी एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून उभ्या होत्या. मग ऊन वाढले, रांग भिंतीच्या सावलीत सरकली, आणि सावली अरुंद असल्यामुळे अंतर गेले. सावलीने केलेल्या या समाजसुधारणेची गोष्ट ती मोठ्या खुशीत सांगे.

त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह, आणि रुपयाच्या नोटेएवढा मताचा कागद आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायचा. ही पद्धत १९५७ च्या निवडणुकीतही होती. सगळीकडे शिक्का आला तो १९६२ साली. पेट्या पडद्याआड होत्या. आजीला आत गेल्यावर पहिली भावना झाली ती भीतीची. आपण एकट्या आहोत, कुणी बघत नाही, आणि जे करायचे ते आपल्यालाच ठरवायचे आहे, अशी जागा तिने पूर्वी पाहिलीच नव्हती. एका पेटीला कुणीतरी कुंकू लावून ठेवले होते, ते तिच्या लक्षात राहिले.

घरी आल्यावर आजोबांनी विचारले, "कुणाला दिलंस?" आजीने सांगितले नाही. पुन्हा विचारले, तरी नाही. पुढे एकोणसत्तर वर्षांत तिने ते कुणालाही सांगितले नाही. मी तिची फार लाडकी, पण मलाही नाही. मात्र त्या दिवशी घरात खरा प्रसंग उभा राहिला तो दुसराच. रांगेत कोण कोण होते हे सासूबाईंच्या कानावर आधीच गेले होते. त्यांनी दारातच सांगितले, "परसातून ये, आणि आंघोळ करून मगच घरात पाऊल टाक." आजीने आंघोळ केली. ती काही बंडखोर नव्हती, आणि तसा आव तिने म्हातारपणीही कधी आणला नाही. आंघोळ झाली, लुगडे बदलले, पण बोटावरची शाई जाईना. चिंच लावून पाहिली, राख लावून पाहिली. सासूबाईंनी तो डाग पाहिला आणि जाईपर्यंत तिला सोवळ्याच्या स्वयंपाकाला लावले नाही. "तितके दिवस आराम मिळाला बघ," असे आजी म्हणे. पण त्या डागाकडे ती रोज रात्री दिव्यापाशी बोट नेऊन बघत असे, हे तिने मला एकदाच, फार उशिरा सांगितले.

ही गोष्ट मी लहानपणी गंमत म्हणून ऐकली. पुढे बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतले भाषण वाचले तेव्हा मी दचकले. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताची किंमत सारखी, पण समाजात आणि संसारात मात्र विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण प्रवेश करतो आहोत, असा इशारा त्यांनी दिला होता. आमच्या वाड्याच्या परसात जानेवारी १९५२ मध्ये तापवलेले ते आंघोळीचे पाणी म्हणजे ती विसंगतीच होती. आणि एकाच्या ऐवजी दोन माणसांना त्या पाण्याचा चटका बसला असेल हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मागच्या त्या दोघी बायका घरी जाऊन काय बोलल्या असतील? आमच्या घरच्या गोष्टीत त्यांचा उल्लेख सावलीपुरता येतो. त्यांच्या घरच्या गोष्टीत आमची आजी कशी येत असेल, कोण जाणे.

बाबासाहेबांचेच पुढचे सांगायचे तर १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताचा प्रश्न मांडला, १९२८ साली सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मत मागितले. तीस वर्षे ज्या हक्कासाठी हा माणूस भांडला तो सर्वांना मिळाला, आणि त्या पहिल्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते स्वतः पडले. नंतर ते राज्यसभेत गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. पण सर्वांना मत देण्यात आपली चूक झाली असे ते म्हणाले नाहीत. १९५२ च्या निवडणुकीत कोण जिंकणार याबद्दल तसा कुणालाच फारसा संशय नव्हता. काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. त्या निवडणुकीतली आशा कुठे होती असे मला कुणी विचारले, तर ती मला निकालाच्या आकड्यांत सापडत नाही. ती पडलेल्या उमेदवाराच्या पुन्हा उभे राहण्यात सापडते, आणि काही थोडी त्या चिंचेने न निघालेल्या डागात.

आता आजकालचे. 'नागरिकाचे कर्तव्य' हे शब्द उच्चारले की माझ्या वर्गातली मुले खिडकीबाहेर बघू लागतात. दोष त्यांचा नाही. आपण नागरिकशास्त्र इतिहासाच्या पेपराला शेपटासारखे जोडले आणि मुलांनी ते परीक्षेच्या आदल्या रात्री उरकले. परवा एका मुलाने सरळ विचारले, "मॅडम, एका मतानं काय होतं?" या प्रश्नाला ठरलेली उत्तरे आहेत. १९९९ साली लोकसभेत वाजपेयींचे सरकार एका मताने गेले. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले. मी ही उदाहरणे द्यायची सोडून दिली आहेत. त्यांनी मताचे लॉटरीचे तिकीट होते, आणि तिकीट लागले नाही की माणूस ते फेकून देतो. मी म्हटले, "काही होत नाही." तो गोंधळला. "मग तुम्ही का देता?" मी त्याला आजीची गोष्ट सांगितली. त्याला ती पटली की नुसती आवडली, हे मला ठरवता आले नाही. पण तास संपल्यावर त्याने विचारले की अठरा पूर्ण व्हायला तीन महिने असताना नाव देता येते का. येते. सतरा वर्षे झाली की आगाऊ अर्ज करता येतो, आणि नाव लागायला आता वर्षातून चार तारखा आहेत.

तरुणांना बोल लावताना आपण वडीलधाऱ्यांनी जरा जपूनच बोलावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत कुलाब्याला निम्म्याहूनही कमी लोक मताला बाहेर पडले आणि तिकडे गडचिरोली जिल्ह्यात सत्तर टक्क्यांच्या वर मतदान झाले. कुलाब्यात काही सगळे अठरा वर्षांचे राहत नाहीत. हिमाचलात किन्नौरमधल्या कल्पा गावचे श्याम सरन नेगी शाळामास्तर होते. बर्फ पडण्याआधी उरकायचे म्हणून तिकडे २५ ऑक्टोबर १९५१ लाच मतदान झाले, आणि स्वतः निवडणुकीच्या कामावर असलेल्या नेगींनी त्या दिवशी पहाटेच मत देऊन टाकले. नोव्हेंबर २०२२ च्या दोन तारखेला त्यांनी शेवटचे मत दिले, पाच तारखेला ते गेले. कंबर धरलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी ही हकीकत ऐकवली. त्यांची कंबर काही सुटली नाही.

त्याच नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाला मी पुणे जिल्ह्यातल्या एका गावी होते. आम्हाला यादीबरोबर आणखी एक छोटी यादी देतात : जे सापडले नाहीत, गाव सोडून गेले किंवा वारले, त्यांची. त्यातले कुणी मताला आले तर ओळख नीट पटवून, लिहून घेऊन मगच मत द्यायला द्यायचे, असा नियम आहे. अकराच्या सुमाराला सत्तरीची एक बाई आली. नाव पुकारले, आणि माझ्या शेजारच्या अधिकाऱ्याने हळूच छोट्या यादीवर बोट ठेवले. त्या नावापुढे 'मृत' अशी खूण होती.

"मी मेले म्हणून कुनी सांगितलं?" बाईंनी विचारले.

चौकशीत निघाले असे, की त्याच नावाची तिची चुलत जाऊ वारली होती आणि खूण हिच्या नावाला पडली होती. सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी एका सुरात म्हणाले, "काकूच हैत, मॅडम." ओळखपत्र पाहिले, कागद भरला, अंगठा घेतला. "जित्ती हाय म्हनून आंगठा घेतला व्हय!" असे म्हणत ती यंत्राकडे गेली. नावाखाली रेघ आणि बाजूला खूण मी स्वतः नजरेखालून घातली. पण माझ्या मनात त्यानंतर दिवसभर त्या वारलेल्या जावेचे नाव घोळत राहिले. ते यादीत तसेच शाबूत होते, कुठल्याही खुणेवाचून. त्या नावाने कुणी दुसरी येऊन उभी राहिली असती तर?

कारण तसे एक नाव आमच्याही घरी होते. आजी २०२१ साली गेली. तिचे नाव पुण्याच्या यादीत बाबांच्या वर तसेच राहिले. मे २०२४ मध्ये मताच्या चिठ्ठ्या घरी आल्या त्यांत तिचीही चिठ्ठी होती, आणि बाबांनी ती घडी न मोडता टेबलाच्या खणात ठेवून दिली होती. नाव कमी करायला नमुना सात भरावा लागतो. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा बाबांनी वर्तमानपत्र वर धरले. त्या गावाहून परतल्यावर मी तिसऱ्यांदा काढला.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "शिधापत्रिकेतून गेली, बँकेतून गेली, विजेच्या बिलावरून गेली. एवढ्या एका ठिकाणी आहे. कुणाचं काय बिघडतंय?"

"त्या नावावर दुसरं कुणी मत देईल, बाबा."

"आईचं मत?"

"हो."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आजीने १९५२ साली कुणाला मत दिले हे त्यांनाही कधी कळले नव्हते. मग त्यांनी चष्मा मागितला आणि म्हणाले, "आण तो तुझा नमुना."

त्यांनी तो एका बैठकीत, वळणदार अक्षरात भरला. आजीचे पूर्ण नाव, यादीतला अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक. कारण : मृत्यू. मृत्यूच्या दाखल्याची प्रत टाचणीने लावली. पुढल्या महिन्यात चौकशीला बाई आल्या, आपल्याकडे सगळे 'बीएलओ' म्हणतात त्या. मूळच्या अंगणवाडी सेविका, हे काम वरचे. दारातच त्यांनी फाइल उघडली. "आजी नक्की गेल्या ना? परवा एका घरी मुलानं अर्ज दिलेला, आणि आजी आतून ओरडल्या."

"गेली," बाबा म्हणाले. "२०२१ साली."

बाईंनी त्यांच्या कागदावर पट्टी ठेवून एक रेघ ओढली आणि बाबांची सही घेतली. बाबांनी त्यांना बसवून घेतले. अजून तीन जिने करायचे आहेत असे त्या म्हणत होत्या, तरी चहा पिईपर्यंत थांबल्या. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या सुनेचे नाव अजून माहेरीच आहे का, तेवढे त्यांनी आम्हाला विचारले. आम्हाला तिचे नाव सांगता येईना. "मीच विचारते वर जाऊन," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.